नाल्यातला सांभार

"थूः! लय घाण सुटली बे आज," म्हणत खुशालनं सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी नाल्यात बुचकळली अन तोंड फिरवलं.

शेजारी तानबा पालक खंगाळत होता. तो म्हणाला, "कोनाच्या घरी कोंबड्या कापल्या असतीन. तू काऊन नाक धरून राह्यला? तुले थोडीच खाचा हाय?"

"ज्यायले खाचा हाय, ते मानसं नोहोत का?"

"लेखक झाल्यापासून लयच नाजूक झाला बे तू!"

अख्ख्या गावाची गटारं त्या नाल्यात येऊन पडायची. न्हाणीचं पाणी, गोठ्याचं पाणी, अन जे सांगू नये तेही. वर साबणाचा फेस, फेसात पिसं. अन ह्याच पाण्यात गावचे झाडून सगळे भाजीवाले बाजाराच्या सकाळी माल धुवायचे. विहीर नव्हती असं नाही. होती, टेकाडापलीकडं. पण शेतातली लाइन यायची रात्री, सकाळी मोटर बंद. मग बादलीनं पाणी ओढायचं कोणी? नाला बरा, वाकलं की पाणी. तिकडं सेलूच्या बाजारात सांभार असा चकाकायचा की गिऱ्हाईक वास घेऊन म्हणायचं, काय ताजा हाय! घरच्या भाजीत टाकायची जुडी मात्र प्रत्येक जण आधीच बाजूला काढून ठेवायचा अन घरी नळावर धुवायचा. मेली लाज म्हणतात ती हीच.

खुशालला लिहायचं वेड होतं. आजवर त्यानं चांदणं लिहिलं, पाखरं लिहिली, हिरवंगार रान लिहिलं. गावच्या वाचनालयात कथावाचन ठेवलं होतं, तिथं वाचायला म्हणून चांदण्याची गोष्ट घेऊन तो वर्षाली मॅडमकडं गेला. वाचनालय तीच सांभाळायची. तिनं कागद परत दिले.

"काका, चांदण्यात तं तुम्ही चिखलात उभे राहून पिकाले ओलित करता. हे असं चांदणं तुम्ही पाह्यलं कवा? रोज सकाळी डोये उघडल्यावर जे दिसते, ते लिवा ना."

खुशालचं डोकं सणकलं. "रोज सकाळी तं घाण दिसते, मॅडम!"

"मंग घाण लिवा."

रागारागात घरी आला. पण नाल्यावर बसला की तेच आठवायचं. शेवटी त्यानं लिहायला घेतलं. इतकं खरं त्यानं कधी लिहिलंच नव्हतं.

कुंताबाईनं, त्याच्या बायकोनं, तो कशावर लिहितोय ते ऐकलं अन कपाळाला हात लावला. "घाणीवर कोनी लिवते का जी? बाजारात समजलं तं आपला सांभार कोन घेईन? खाऊ काय मंग, कागद?"

"खरं हाय ते लिवलं."

"खरं लिवा, पन गावाचं नाव नोका लिवू. पाया पडतो तुमच्या."

खुशालनं नाव गाळलं.

वाचनालयात त्यानं सगळं वाचलं. फेस वाचला, पिसं वाचली, घरासाठी बाईनं पदराखाली लपवलेली जुडीसुद्धा वाचली. बायांनी पदर नाकाला लावले. माणसं शी शी करून हसली. संपल्यावर टाळ्याच टाळ्या, अन सगळ्यात मोठी टाळी तानबाची. त्यानं येऊन मिठीच मारली.

"काय लिवलं बे! पोटात ढवळून आलं! कालव्याखालचं गाव व्हय ना हे? ते लोकं हायच घाणेरडे."

"हाव हाव, तेच," आजूबाजूचे म्हणाले.

वर्षाली मॅडमनं नारळ हातात दिला. 'आपलंच गाव व्हय' हे शब्द खुशालच्या जिभेवर आले होते. पण तोंड उघडलं नाही. नाल्याची आली नव्हती एवढी किळस त्याला स्वतःची आली. मागं सतरंजीवर कुंताबाई बसली होती. तिनं टाळी वाजवली नाही. रागावली, असं खुशाल धरून चालला.

पुढच्या बाजाराच्या सकाळी नाल्यावर तीच गर्दी.

"ये बे लेखक, जागा धरून ठेवली तुह्यासाठी," तानबा ओरडला.

खुशाल सवयीनं उकिडवा बसलाही. टोपलं घ्यायला हात पुढं केला, तर कुंताबाई डोक्यावर टोपलं घेऊन नाल्यावरून सरळ पुढं, टेकाडाकडं चाललेली.

"कुंता! अवं, इकडं!"

ती वळली नाही. हा मागं पळत सुटला. विहिरीवर पोचला तर टोपलं खाली ठेवलेलं.

"रागात हायस का? एक टाळी नाई वाजवली तू त्या दिशी."

"टाळ्या कायच्या वाजवू जी?" कुंताबाईचा आवाज चिरकला. "घरची जुडी पदराखाली लपवनारी ते बाई मीच व्हय ना? तुमी वाचून राह्यले होते, अन मले माह्याच हाताची किळस येऊन राह्यली होती. तवापासून घास गोड लागत नाई. आता उभे काऊन? वढा दोर!"

खुशालनं बादली सोडली. दोर ओढता ओढता तळहात सोलवटले.

नाल्यावरून तानबाची हाक आली. "अबे, तिकडं कायले मरून राह्यला? इथं वाहतं पानी हाय!"

खुशाल ओढत राहिला. बादली वर आली. कुंताबाईनं पहिली जुडी स्वच्छ पाण्यात बुडवली, झटकली अन त्याच्याकडं न बघता म्हणाली,

"घरी गेल्यावर त्या गोष्टीत गावाचं नाव टाकजा. अन माह्यं बी."