तिसरी सर्व्हिस

नऊ वर्षं मी दुसऱ्या बाईचं सोंग घेऊन सरकारी जेवण जेवले, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणी नाक मुरडायला नको. माझं नाव ज्याओ रुइलान. गाव दातोंग, कोळशाचं. पण बेजिंगमधल्या राष्ट्रीय टेबल टेनिस संघाच्या सराव-हॉलमध्ये मला रुइलान म्हणणारं कुणी नव्हतं. तिथं मी इल्दिको. जेवणाच्या रांगेत आचारीसुद्धा विचारायचा, "ए हंगेरी, भात वाढू का नूडल्स?"

माझा गुन्हा एवढाच की मी डावखुरी. हंगेरीची इल्दिको बार्ताही डावखुरी. आमच्या संघातली पहिल्या नंबरची खेळाडू म्हणजे थान यूछिंग, आणि तिला जगात ज्या तीन-चार जणी त्रास देऊ शकतील असं वाटायचं, त्यांतली एक ही इल्दिको. अशा प्रत्येकीची हुबेहूब नक्कल करणारी एकेक पोरगी संघ पदरी बाळगतो. आमच्या जेवणाच्या टेबलावर कोरिया, जर्मनी, सिंगापूर आणि मी, अशा चौघी बसून बटाट्याच्या भाजीवरून भांडायचो. काम सोपं नव्हतं बरं का. आपल्याला सुचेल तसं खेळायचं नाही. तिला सुचलं असतं तसं खेळायचं. चांगला फटका मारला आणि तो इल्दिकोचा नसला, तर शिव्या मिळायच्या.

तिच्या मॅचेसच्या फिती बघून बघून मी तिचं सगळं उचललं. सर्व्हिसच्या आधी बॉल दोनदा आपटायचा, नाक ओढायचं, मग हात वर. पहिली सर्व्हिस आखूड, दुसरी लांब. तिसरी मात्र सबंध फितींत एकदाच दिसली होती, आणि नेमका त्याच क्षणी एक फोटोग्राफर मध्ये पाठ करून उभा. एवढंच दिसलं की तिचा हात वर गेला, बॉल पलीकडं टप्पा खाऊन माघारी जाळीकडं वळला आणि समोरची बाई बघत राहिली. मधलं त्या फोटोग्राफरच्या पाठीनं खाल्लं. ते मी माझं मीच जुळवलं. दोन महिने मनगट ठणकत होतं. शेवटी बॅटच्या मुठीजवळ, कडेला बॉल घासून नेला की तो तसा वळतो, हे सापडलं.

यूछिंगताई त्या सर्व्हिसला वैतागायची. वळायच्या आत पुढं घुसून बॉल माझ्या उजव्या कोपऱ्यात चापटायचा, असा तोडगा तिनं काढला होता. तो कोपरा मला मोकळाच सोडावा लागायचा, कारण इल्दिको तिथं उभी राहत नाही. तरी ताईचा निम्म्या वेळा बॉल बाहेर. खऱ्या इल्दिकोला तिनं सात वेळा हरवलं, आणि सातही वेळा परत येऊन तेच सांगितलं, "तिसरी टाकलीच नाही तिनं. राखून ठेवलीय बयेनं. चल, पन्नास टाक." आणि मी पन्नास टाकायची.

सत्ताविसाव्या वर्षी मला दातोंगला परत पाठवलं. इथल्या क्लबकडून लीगचा एक हंगाम, आणि सप्टेंबरपासून प्राथमिक शाळेत खेळाची बाई. वाईट काही नाही त्यात. मला पोरं आवडतात. पण एक गोष्ट मनाला डाचत होती. इतकी वर्षं हातात बॅट, आणि मोठ्या लीगमध्ये माझ्या नावानं एकही सिंगल्स नाही. मी खेळले तर कशी खेळेन, हे माझं मलाच ठाऊक नव्हतं. आमचे कोच हाओ सर मनानं मऊ. म्हणाले, "रुइलान, शेवटची घरची मॅच तुझी. शब्द देतो." समोर यूछिंगताईचाच क्लब होता. मी रोज दिवस मोजत होते.

आणि मग क्लबनं हंगामाच्या शेवटच्या तीन सामन्यांसाठी परदेशी खेळाडू आणली. कोण, तर इल्दिको बार्ता.

मला बातमी द्यायला हाओ सर जेवताना समोर येऊन बसले. वाडग्यात व्हिनेगर ओततायत, ओततायत, वर बघायला तयार नाहीत. मी म्हटलं, "सर, नूडल्स बुडाले. बोला आता."

"वरून आलंय, पोरी. माझ्या हातात नाही. ती खेळली तर तुला बाकावर बसावं लागेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईपायी मी नऊ वर्षं माझा हात, माझे पाय, माझं नाकसुद्धा गहाण टाकलं, आणि आता ही माझी एकुलती एक मॅच खायला सात हजार किलोमीटरवरून आली.

आली तेव्हा बघते तर काय, अर्धा डोंगर. आणि चिनी बोलत होती. जर्मनीतल्या क्लबात शेनयांगच्या एका ट्रकवाल्या गृहस्थाकडून शिकली होती, त्यामुळं सगळं ट्रकवाल्यासारखं. बाईपुरुष सगळ्यांना 'भाऊ'. मला बघितल्या बघितल्या म्हणाली, "काय भाऊ, मी लय भुकेला. मटण कुठं मिळतो?" माझा राग तिथंच थोडा पातळ झाला, पण मी तो परत घट्ट केला.

पहिल्या दोन सामन्यांत ती सपाटून हरली. कोपराचं ऑपरेशन झाल्यापासून तिची सर्व्हिसच गेली होती. हात वर जायचा आणि विसरल्यासारखा घुटमळायचा. हाओ सरांनी मला बाजूला घेतलं. "तिची सर्व्हिस तिच्याइतकीच तुला येते. तूच तिला परत शिकव."

"म्हणजे ती बरी होईल आणि मी बाकावर."

"हो," सर म्हणाले. खोटं बोलायला त्यांना कधी जमलंच नाही.

पहिल्या दिवशी मी लबाडी केली. तिला कोपर दोन बोटं वर धरायला सांगितलं. बॉल कुठच्या कुठं. ती बिचारी तासभर घाम गाळत राहिली आणि मधूनमधून मलाच पाण्याची बाटली आणून देत होती. मग मला माझीच शिसारी आली. म्हटलं, "कोपर खाली घे. मघाशी मी चुकीचं सांगितलं."

"माहीत आहे, भाऊ," ती म्हणाली. "मी वाट बघतो, तू कधी सांगतो."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यानंतर मी हात राखला नाही. चौथ्या दिवशी पहिली सर्व्हिस परत आली, सहाव्या दिवशी दुसरी. मग मी म्हटलं, "आता तुझी तिसरी." आणि टाकून दाखवली.

ती बघत राहिली. "हे काय?"

"तुझी तिसरी."

"माझा तिसरा नाही. माझा दोनच."

मी तिला सगळं सांगितलं, कुठली स्पर्धा, कोण समोर, फोटोग्राफरची पाठ. तिनं डोळे मिटून आठवलं, आणि मग अशी हसली की भिंतीला टेकून खालीच बसली. "अरे भाऊ, तो चुकला होता! हाताला घाम, बॅट सरकला, बॉल मुठीला लागला. मी समोरच्या बाईला हात वर करून माफी मागितला."

मी पण तिच्याशेजारी फतकल मारून बसले. हसावं की रडावं कळेना. नऊ वर्षं अख्ख्या संघानं बैठका घेतल्या त्या सर्व्हिसवर. फळ्यावर बाण काढले. आणि ती जगात कुणाकडं नव्हतीच, माझ्याखेरीज.

इल्दिकोनं तीन दिवस ती शिकायचा प्रयत्न केला. तिला काही जमली नाही. चौथ्या दिवशी टॉवेल खांद्यावर टाकून ती हाओ सरांसमोर उभी राहिली. "यूछिंगशी मी सातदा खेळला, सातदा मेला. आठव्यांदा मरत नाही. हा भाऊ खेळेल. मी त्याच सामन्यातली दुसरी सिंगल्स खेळतो, ती जिंकून देतो."

सरांनी वरच्यांना काय सांगितलं कोण जाणे. पण शेवटच्या सामन्याला यूछिंगताईसमोर माझं नाव लागलं.

आणि मी काय दिवे लावले? पहिली गेम ४–११, दुसरी ६–११. पाय आपोआप इल्दिकोच्या जागी जात होते, बॉल दोनदा आपटून नाकसुद्धा ओढलं. तिसरी सर्व्हिस एकदा टाकली, ताईनं पुढं घुसून उजव्या कोपऱ्यात चापटली आणि जाता जाता म्हणाली, "अजून तिचीच नक्कल चाललीय का गं?" आमचेच लोक गॅलरीत हसले.

सरांनी टाइम-आउट घेतला. फार बोलले नाहीत. "इल्दिको इथं माझ्याशेजारी बसलीय. मग तिकडं कोण खेळतंय?"

"तिसरा टाक, भाऊ," इल्दिको म्हणाली. "आणि कोपरा तुझाच आहे. जाऊन उभा राहा."

एवढं साधं मला नऊ वर्षांत सुचलं नव्हतं. सुचून उपयोगही नव्हता, तिथं उभं राहायची मुभाच नव्हती. आता मी तिसरी टाकली आणि एक पाऊल उजवीकडं सरकले. ताई घुसली, चापटली, बॉल थेट माझ्या बॅटपुढं. मी तो असा हाणला की माझा मलाच अचंबा वाटला. तो फटका इल्दिकोचा नव्हता. कुठं शिकले होते कुणास ठाऊक. बहुतेक दहाव्या वर्षी, बापाच्या खाणीच्या क्लबात.

तिसरी गेम ११–८. चौथी ११–९. गॅलरीत म्हातारे उठून उभे राहिले आणि 'रुइलान, रुइलान' करायला लागले. आपलं नाव इतक्या मोठ्यानं ऐकायची सवय नव्हती; एकदा तर मी चक्क मागं वळून बघितलं. पाचवीत ताई तिच्या जातीवर गेली. तिनं कोपरा सोडून दिला, तिसऱ्या सर्व्हिसला थेट माझ्या पोटाच्या रोखानं बॉल घालायला लागली. असं तिनं याआधी कधी केलं नव्हतं, आज भर मॅचमध्ये शिकली. म्हणून तर ती पहिल्या नंबरची. मी दहा-नऊवर एका पॉइंटनं पुढं होते. तिथून दहा-बारा झालं. हरले.

हात मिळवायला गेले तर ताईनं हात सोडलाच नाही. घामानं निथळत होती, चिडलेली होती आणि डोळे मात्र लकाकत होते. "तिच्या डोळ्यांदेखत तिचीच सर्व्हिस टाकतेस. जराही लाज वाटत नाही?"

"तिची नाहीच ती, ताई. तिच्याकडं तिसरी कधी नव्हतीच. मी केलेली आहे, पहिल्यापासून."

तिनं बाकाकडं बघितलं. इल्दिकोनं दोन बोटं वर केली, दोनच, आणि मग माझ्याकडं बोट दाखवलं. ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"म्हणजे नऊ वर्षं मी घाबरत कुणाला होते?"

"मला, ताई," मी म्हटलं, आणि मला हसू आवरेना.