दोन नोंदींमधली वीस मिनिटं

“डावा हात हलवायचा नाही हं काका, सुई आहे,” डायलिसिसच्या मशीनला जोडलेल्या काकांना तिने बजावलं. वाकून रक्तदाबाचा पट्टा नीट करताना तिच्या कोटाच्या खिशातून घडी घातलेला कागद काकांच्या पांघरुणावर पडला.

काकांनी मोकळ्या उजव्या हाताने तो उलगडला. परीक्षेचा अर्ज होता. “शेवटची तारीख परवा आहे की गं.”

“उद्या भरणार आहे.”

पलीकडच्या मशीनपाशी उभ्या असलेल्या सिस्टर मोठ्याने हसल्या. “काका, आम्ही तिला उगीच नाही उद्याताई म्हणत!”

डायलिसिस विभागात ती अकरा वर्षं तंत्रज्ञ होती. कामात चोख. तिची सुई दुखत नाही, असं रुग्ण एकमेकांना सांगत. पण नोकरी सांभाळून करायची म्हटलेली पदवी पाच वर्षं रखडली होती. तीनदा अर्ज भरला, दोनदा परीक्षेला बसलीच नाही, एकदा नापास झाली. या खेपेला हुकलं तर नावनोंदणीच रद्द होणार होती. घरी कपाटाच्या दारावर तिने चार रंगांत वेळापत्रक लावलं होतं. ते आखण्यात एक अख्खा रविवार गेला. पहाटे पाचचा गजर ती इमानेइतबारे लावायची आणि तितक्याच इमानेइतबारे बंद करायची. पाच हुकले की तो दिवस गेला, दिवस गेला की सोमवारपासून. सलग तीन तास मिळाले की बसते, असं ती नवऱ्याला सांगे. नोकरी, घर आणि दुसरीतली मुलगी यांच्यातून ते तीन तास काही वर डोकं काढत नव्हते.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. बस डेपोत छत्तीस वर्षं गाड्यांच्या वेळा आखून ते निवृत्त झाले होते.

“म्हणजे पहिली गाडी चुकली म्हणून तू अख्खा डेपो बंद करतेस,” ते म्हणाले.

“तुम्ही बोलूच नका! गेल्या सोमवारी आला होतात का? त्याआधीच्या शुक्रवारी?”

“पोट दुखत होतं.”

“दोन्ही दिवस?”

काका कसनुसं हसले. मग म्हणाले, “दर अर्ध्या तासाने माझी नोंद घेतेस. मधल्या वेळात काय करतेस?”

“मशीनवर लक्ष ठेवते.”

“डोळ्यांनी ना? कान मोकळेच आहेत. उद्यापासून पुस्तक आण... नाही, उद्या हा शब्दच नको. हा अर्ज आत्ता भर. पेन आहे तुझ्या खिशाला.”

तिने तो तिथेच ट्रॉलीवर ठेवून भरला.

मग आठवड्यातले तीन दिवस तेच सुरू झालं. नोंदी घेऊन, तिच्याकडची चारही मशीन बघून झाली की दोन नोंदींच्या मधे वीसेक मिनिटं उरत. काका छातीवर पुस्तक टेकवून प्रश्न वाचत, ती मशीनच्या आकड्यांवर नजर ठेवून उत्तरं देई. मशीन वाजलं की पुस्तक बंद, हा काकांचा नियम. “रुग्णांकडे पाठ केलेली दिसलीस तर पुस्तक खिडकीबाहेर टाकीन,” हा सिस्टरांचा.

“हा शब्द फार लांब आहे,” काका चष्मा सावरत म्हणत. “मधे दोन थांबे घेऊन वाचतो.”

कधी ती म्हणे, “काका, आज डोकं चालत नाही हो.”

“बरं, मग एकच.”

एकाचे चार कधी झाले, तिला कळतही नसे. हळूहळू घरीही ती मुलीची आंघोळ होईपर्यंत एक पान वाचू लागली. कपाटावरचं वेळापत्रक मुलीने मागच्या बाजूला चित्रं काढायला नेलं, तर कुणाला चुकल्यासारखंसुद्धा वाटलं नाही.

एका सकाळी काकांनी वाचलं, “डायलिसिस चुकल्यास रुग्णाच्या शरीरात काय घडतं?”

ती मशीनकडे बघत घडाघडा सांगू लागली. “रक्तातलं पोटॅशियम वाढतं. पाणी साठतं, आधी पायांत, मग फुप्फुसांत. हृदयावर ताण येतो, आणि...” तिने वळून पाहिलं.

काका पुस्तकातल्या उत्तरावर बोट ठेवून बसले होते. “आणि ठोके बिघडू शकतात,” त्यांनी पूर्ण केलं. “पाचपैकी पाच.” आणि पान उलटलं.

निकाल लागला तो तिच्या सुट्टीचा दिवस होता. काका परवा येणारच होते, तेव्हा सांगता आलं असतं. पण तिने चपला घातल्या आणि दोन बस बदलून त्यांचं घर गाठलं.

काका आरामखुर्चीत झोपले होते. काकूंनी तिला स्वयंपाकघरात नेलं. “पूर्वी दवाखान्याचं नाव काढलं की ह्यांचं पोट दुखायचं. रडून भांडायचे मी. आता सात महिने झाले, सहा वाजताच तयार. मी गेलो नाही तर तिला प्रश्न कोण विचारणार, म्हणतात.” काकूंनी तिचा हात धरला. “तुझे उपकार कसे फेडू गं?”

“अहो काकू, उलट बोलताय तुम्ही,” ती म्हणाली.

काका जागे झाले. गुणपत्रिका डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी ती खालपर्यंत वाचली. “एकसष्ट टक्के. बाकीचे एकोणचाळीस कुठे गेले?”

“उद्या शोधते.”

काका इतके हसले की काकूंना पाठ चोळावी लागली. बसमध्ये जुळवलेली सगळी वाक्यं ती विसरली होती. “तुम्ही होतात म्हणून झालं हो काका,” ती म्हणाली.

“बरं झालं, आजच आलीस.”

त्यानंतर काका दोन महिने एकही डायलिसिस न चुकवता आले. मग एका पहाटे झोपेतच गेले. काकूंचा फोन आला तेव्हा ती कामावर होती. चादरींच्या खोलीत जाऊन ती रडली. निकालाच्या दिवशी आपण त्यांच्याकडे गेलो होतो, एवढं तिने स्वतःला दोनतीनदा सांगितलं, तोंड धुतलं आणि बाहेर आली.

पुढच्या आठवड्यात काकांच्या मशीनवर नवा रुग्ण आला. चाळिशीचा शिंपी, पहिलीच वेळ. त्याने डोळे गच्च मिटले होते, मोकळ्या हाताची मूठ आवळली होती. तिने सुई लावली, पहिली नोंद लिहिली, बाकीची मशीन बघून आली आणि त्याच्याशेजारी उभी राहिली.

“मी इथेच आहे,” ती म्हणाली. “सर्वांत आधी काय शिवायला शिकलात तुम्ही?”

“पिशवी,” तो डोळे न उघडता म्हणाला. थोड्या वेळाने मूठ सैल झाली. “वाकडी झाली होती.”

“मग?” तिने मशीनच्या आकड्यांकडे बघत विचारलं.