तपासणी होईपर्यंत गहू

सुएल्माचा थोरला मुलगा दोन वर्षांचा होऊन वारला. पोट फुगलेलं, हातपाय काटक्यांसारखे. तेव्हा सगळ्यांनी वाईट नजरेवर ढकललं. आता धाकट्या लेकीचं, न्गियाचंही पोट तसंच दिसायला लागलं, तर आमच्या निर्वासितांच्या छावणीत कुणी नजरेचं नावही काढेना. बायका चहाला यायच्या आणि रीतीचा तिसरा पेला न घेताच उठायच्या.

मी तिची नणंद. माझा भाऊ दूरच्या लष्करी ठाण्यावर, म्हणून न्गियाच्या रक्ततपासणीचा निकाल आणायला तिच्याबरोबर मीच गेले. दवाखान्यातली नर्स मिनातू आमच्याच वस्तीतली.

"सिलिॲक निघालाय," ती म्हणाली. "गव्हानं पोरीचं आतडं झिजतंय. पण पक्कं करायला तोंडातून नळी घालून बघावं लागतं, शहरातल्या इस्पितळात. तोवर भाकर बंद करू नकोस."

सुएल्मानं विचारलं, "ज्यानं झिजतंय, तेच घालू?"

"आत्ता थांबवलंस तर आतडं भरून येईल, डॉक्टरांना काही दिसणार नाही. आणि पक्कं झाल्याशिवाय मक्याचं पीठ मिळत नाही, बाई. मी काय करू?"

मदतीचं पीठ येतं ते गव्हाचं. कुसकुसचा रवाही गव्हाचाच. सुएल्मा रोज पोरीला भाकर भरवायची. न्गिया तोंड फिरवायची, मग आईचा चेहरा बघून गिळायची. माझी आई कोपऱ्यातून म्हणायची, "अन्नाला विष म्हणतात आता. मग आम्ही वाळू खायची होती का?"

शहराची गाडी निघायची होती, त्याच सुमारास वाळूचा वारा सुटला. आभाळ तांबूस झालं, रस्ता बुजला. वारा थांबेना. एका सकाळी न्गिया उठलीच नाही. हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची. पावलं सुजली होती. सुएल्मानं ती दाबून पाहिली, बोटाचा खड्डा तसाच राहिला. ती उठली आणि घरातली सगळी भाकर शेळ्यांपुढे टाकून आली.

"मिनातू चिडेल," मी म्हणाले.

"चिडू दे. तपासणी होईपर्यंत पोर तर उरली पाहिजे."

मिनातूला बोलावलं. तिनं पावलं पाहिली, औषध दिलं. चिडली नाही. "बंदच ठेव," एवढंच म्हणाली.

भात, मसूर, शेळीचं दूध. पोर हळूहळू बसायला लागली, मग तंबूच्या दोऱ्यांना लोंबकळायला लागली. रस्ता मोकळा झाल्यावर आम्ही शहरात गेलो. नळी घालून झाल्यावर डॉक्टर म्हणाले, "संशय आहे, खात्री देता येत नाही. काही आठवडे पुन्हा गहू द्या आणि या."

सुएल्मानं पोरीला कडेवर घेतलं. "येणार नाही," ती म्हणाली.

मक्याचं पीठ मिळालं नाही. घरात येणारा तांदूळ जेमतेम एकीला पुरेल एवढाच, तो न्गियाला जातो. सुएल्मा भाकर खाते, आणि जेवून उठताना तंबूचा खांब धरते. परवा मिनातू येऊन म्हणाली, "हे रक्तातून येतं, आईकडून लेकराला. तुझीही तपासणी करून घे."

"नको."

"अगं, का?"

"आणि निघालं तर? मी काय खाऊ?"

सुएल्मानं हात धुतले, भाकरीचा कणही राहू नये म्हणून चोळून चोळून धुतले, आणि लेकीचा भात कालवायला बसली.