आधी हात लावा, मग हात वर करा

मी एक जुनी वही आहे. हिरव्या पुठ्ठ्याची, शंभर पानांची, कोपरे झिजलेली. पण मला नुसती वही म्हणाल तर खबरदार! मी विद्यापीठातल्या वनशास्त्राच्या विद्यार्थी मंडळाची नियमांची वही आहे. माझ्यात चौदा नियम आहेत आणि ते चौदाही आजच्या तारखेला लागू आहेत. अकरा वर्षं मी टेबलाच्या पायाखाली काढली, ही गोष्ट खरी. म्हणून माझे नियम रद्द झाले असं ज्यांना वाटलं, त्यांची काय फजिती झाली तेच आज सांगणार आहे.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, झाडांचे नियम सांगतेस आणि स्वतः कागदाचीच की! हो, आहे कागदाची. लपवते थोडीच? झाडं तोडू नका असं मी कुठेच म्हणत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे, आणि ते एका मोठ्या चुकीतून आलं आहे.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. विभागाच्या इमारतीमागे सागाचा एक लहानसा पट्टा होता. झाडं फार दाट वाढली की त्यातली रोगट, वाकडी काढावी लागतात, म्हणजे उरलेल्यांना ऊन मिळतं. याला विरळणी म्हणतात. ते काम मंडळाच्या मुलामुलींकडे आलं. त्यांनी मोठ्या हौशीने सगळ्यांत सरळ, सगळ्यांत निरोगी अशी एकोणीस झाडं निवडली. ही राखायची, म्हणून त्यांच्या बुंध्यांवर चुन्याचे पांढरे पट्टे ओढले. कार्यालयात चिठ्ठी दिली, "खुणा केल्या आहेत, काम सुरू करावे." आणि सगळे वर्गात जाऊन बसले.

दुपारी परत येऊन बघतात तर काय! एकोणीसच्या एकोणीस झाडं आडवी. वाकडी, पोखरलेली तेवढी दिमाखात उभी.

"असं कसं केलंत हो?" एकाने रडवेल्या आवाजात विचारलं.

तोडणाऱ्यांचा मुकादम बुचकळ्यात पडला. म्हणाला, "खूण केलेलं झाड तोडायचं, बिनखुणेचं सोडायचं. बापजाद्यांपासून हेच चालत आलंय. खुणा तुम्हीच केल्यात ना? आमचं काय चुकलं? तुमच्यातलं एकजण जरी इथं उभं असतं, तर विचारलं असतं की आम्ही!"

मुलांना पुस्तकं पाठ होती, पण पाय जागेवर नव्हते. त्या शरमेतून मी जन्मले. मंडळाची सचिव, बोटांना सदा शाई लागलेली एक सडपातळ मुलगी, आठवडाभर बसून मला लिहीत होती. पहिला नियम तिने ठळक अक्षरात लिहिला: "ज्या झाडाला हात लावलेला नाही, त्या झाडाबद्दल हात वर करू नये." दुसरा: झाडांविषयीची सभा झाडांमध्येच, उभ्याने व्हावी. तिसरा: मत देण्याआधी प्रत्येकाने एकेका झाडाचा छातीच्या उंचीवर घेर मोजावा, तो आकडा या वहीत लिहून सही करावी, आणि त्या झाडाचं काय दिसलं ते सर्वांना सांगावं. चौथा नियम असा की या वहीवर चहाचा कप ठेवू नये. तो लिहून होताच तिने हातातला कप नेमका त्याच पानावर ठेवला. तो तपकिरी गोल डाग अजून आहे. आणि चौदावा, शेवटचा नियम: ही वही बदलायची झाली तर तेही याच रीतीने, झाडांमध्ये उभं राहूनच बदलावी.

उरलेली वाकडी, पोखरलेली झाडंही मग काढली गेली आणि त्या उजाड पट्ट्यात मुलांनी बेचाळीस नवी रोपं लावली. खड्डे खणायला रोपवाटिकेत नुकताच लागलेला एक तरुण माळी होता. विद्यापीठाने तो पट्टा मंडळाच्या संमतीशिवाय मोडायचा नाही, असं पत्र दिलं आणि ते माझ्या शेवटच्या पानावर चिकटवलं गेलं. पुढे पट्ट्याला सगळे बेचाळिशी म्हणू लागले.

माझे ते दिवस काय वर्णावेत! भर पावसात मला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून नेत. थंडीत माझ्या पानांना हातमोज्यांचा चिखल लागे. एकदा एका आळशी खजिनदाराने "बसून घेऊ या की सभा" म्हटलं, तर सगळ्यांनी त्याला तासभर एकट्याला उभं केलं. बाहेरून आलेल्या एका थोर प्राध्यापकांनी मला उलटसुलट चाळलं आणि म्हणाले, "इतकी कमी पानं आणि इतकी अक्कल!" मी फुगून गेले. का फुगू नये? खरंच होतं ते.

मग मंडळाला नवी खोली मिळाली. गुळगुळीत फरशी, पांढरे दिवे, आणि एक डुगडुगणारं टेबल. कुणीतरी त्याच्या पायाखाली वीट सारली, ती जाड झाली. पुठ्ठा सारला, तो पातळ झाला. मी मात्र अगदी बेताची निघाले. अकरा वर्षं त्या टेबलाचा भार वाहिला मी. ते एकदाही हललं नाही, हे माझंच कर्तृत्व. पण कुणी वाकून बघितलं नाही. राग आला, फार राग आला. गप्प मात्र बसले, कारण वहीला तोंड असलं तरी ते उघडायला दुसऱ्याचा हात लागतो.

यंदाचा अध्यक्ष हुशार पोरगा, पण भारी घाईचा. सगळे त्याला फटाफट म्हणत. त्याने आल्याआल्या दोन पानी नवी नियमावली छापून घेतली. तीत मतदान फोनवर. सभा नाही, चालणं नाही, चिखल नाही. कानामागून आली आणि तिखट झाली! आणि त्याच महिन्यात वरून विचारणा आली: बेचाळिशीच्या जागी वाहनतळ करायचा आहे, मंडळाची हरकत आहे का? फटाफटने जेवणाच्या सुट्टीत फोनवर प्रश्न टाकला. घास संपायच्या आत एकतीस अंगठे वर. उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात ना, इथे तर जीभसुद्धा उचलावी लागली नाही. ठराव गेला, विभागप्रमुख बाईंची सही झाली, आणि सोमवारी झाडं तोडायची असं ठरलं.

हे कळल्यावर रोपवाटिकेचे काका खोलीत आले. तेच ते, चाळीस वर्षांपूर्वी खड्डे खणणारे. आता केस पांढरे, निवृत्तीला आठ महिने उरलेले. टोपी हातात धरून ते दारातच उभे राहिले.

"पोरांनो, एक विचारू का? तुमच्यातलं कुणी तिकडं येऊन गेलं का? झाडं बघितली का कुणी?"

"काका, फोटो आहेत की," फटाफट म्हणाला. "आणि ठराव रीतसर झालाय. नियमात बसतंय सगळं."

"कुठल्या नियमात? हिरव्या पुठ्ठ्याची वही होती मंडळाची. ती कुठंय?"

"असली वही कुणी बघितलीये इथं?"

कोपऱ्यात एक मुलगी बसली होती. शेवटच्या वर्षाची. गळ्यात कायम मोजायची टेप अडकवलेली, म्हणून धाकटी मुलं तिला टेपताई म्हणत. त्या एकतीस अंगठ्यांतला एक अंगठा तिचाही होता, आणि काकांकडे बघायची तिला लाज वाटत होती. तिने मान खाली घातली. मान खाली घातली म्हणून तिला टेबलाचा पाय दिसला. आणि पायाखालचा हिरवा कोपरा.

तिने मला ओढून काढलं. टेबल कलंडलं आणि फटाफटचा सगळा चहा त्या नव्या दोन पानी नियमावलीवर सांडला. मी काही केलं नाही हं! पण वाईट वाटलं असंही म्हणणार नाही.

टेपताईने पहिला नियम मोठ्याने वाचला. मग चौदावा वाचला.

"म्हणजे तुझी नवी नियमावलीच चालत नाही," ती म्हणाली. "ती कुठं झाडांमध्ये उभं राहून केलीस?"

"अगं, बाईंची सही झालीये!" फटाफट कुजबुजला. "पुढच्या शिक्षणासाठी आपल्या दोघांची शिफारसपत्रं त्यांच्याकडंच आहेत. कशाला विस्तवाशी खेळतेस?"

टेपताईने ते ऐकून घेतलं. पण तिने मला काखेत मारलं आणि थेट बाईंच्या खोलीत गेली.

बाई कागदांच्या गठ्ठ्यात बुडालेल्या होत्या. "जुन्या वह्या घेऊन भांडायला मला वेळ नाही," त्या वर न बघता म्हणाल्या. टेपताईने मला उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. बाईंनी सवयीने चहाचा कप उचलला आणि माझ्यावर टेकवणार, तोच त्यांची नजर चौथ्या नियमावर गेली. कप हवेतच राहिला.

"हे अक्षर कुणाचं ते मला माहीत नाही," टेपताई म्हणाली, "पण जे लिहिलंय ते बरोबर आहे, बाई. आम्ही न बघता हो म्हटलं. मीही म्हटलं. ते मत नव्हतंच."

बाईंनी डागावर बोट फिरवलं. बोट आता सुरकुतलेलं होतं आणि त्याला शाई नव्हती. मी मात्र केव्हाच ओळखलं होतं. मला जिने लिहिलं तीच ही! मला त्या क्षणी माया आली नाही, संतापच आला. बाई, एकोणीस झाडं गेली तेव्हा रडला होतात ना? मग बेचाळिसांवर खुर्चीत बसून सही कशी केलीत? मला ओरडून विचारायचं होतं. पण माझं पान उघडं होतं, तेवढं पुरलं.

"तो डाग माझा आहे," बाई हळूच म्हणाल्या. मग आवाज नेहमीसारखा कोरडा करून म्हणाल्या, "शनिवारी सकाळी मतदान घ्या. नियमाप्रमाणे. निकाल येईल तो मी वर कळवीन. पण ऐक, तोडायचं ठरलं तर तुलाही मान्य करावं लागेल."

"चालेल," टेपताई म्हणाली.

खरं सांगते, मित्रांनो, तेव्हा मीच घाबरले. एकतीस जण आधीच हो म्हणून बसलेले!

शनिवारी चौतीस जण आले. काही जांभया देत, काही कुरकुरत. फटाफट पांढरे शुभ्र बूट घालून आला होता. काकांनी टेपा वाटल्या. झाडाचा घेर मोजायचा तर झाडाला मिठी मारावी लागते, दुसरा उपायच नाही. गाल सालीला लागतो, शर्टाला मुंग्या चढतात. थोड्याच वेळात कुरकुर थांबली. "काका, याच्यावर घरटं आहे का हो?" "हे पुढच्या झाडापेक्षा एवढं जाड कसं?" काका या झाडाकडून त्या झाडाकडे धावत होते. बाईही आल्या, दुखऱ्या गुडघ्याने, काठी टेकत. आजीव सदस्य म्हणून त्यांचा हक्क होता. पहिल्या क्रमांकाचं झाड त्यांनीच लावलं होतं. त्याला टेप गुंडाळताना त्यांचे हात पुरेनात, दुसरं टोक फटाफटने धरलं.

मग एकेका झाडापाशी जाऊन, सगळ्यांनी त्याला हात लावून मतदान. पहिलं, ठेवा. दुसरं, ठेवा. सोळा झाडं झाली. सतराव्यापाशी फटाफट स्वतः उभा होता. त्याचे बूट आता मातीने माखले होते.

"हे तोडावं लागेल," तो म्हणाला.

"झालं! ये रे माझ्या मागल्या," कुणीतरी म्हणालं.

"ऐका तरी!" त्याने बुंध्यावर मूठ आपटली. पोकळ आवाज आला. "आतून पोखरलंय. आणि वाटेवर झुकलंय. उद्या कुणाच्या डोक्यात पडेल. मी हात लावून सांगतोय."

काकांनी कान लावला. बराच वेळ लावला. चाळीस वर्षांपूर्वी त्यांनीच त्याचा खड्डा खणला होता. "पोरगा बरोबर बोलतोय," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे पुसले. चौतीस हात वर झाले, बाईंचा पस्तिसावा.

दुपारपर्यंत निकाल लागला. एक जाणार, एकेचाळीस राहणार. बाईंनी तिथेच उभ्याने वर कळवायचं पत्र लिहिलं, माझ्या पुठ्ठ्यावर कागद ठेवून. स्वतःची आधीची सही मागे घेतली. शिफारसपत्रांचं विचाराल, तर ती दोघांनाही मिळाली.

सोमवारी झाड तोडायला माणसं आली, तेव्हा सतराव्या झाडावर पांढरा पट्टा होता. आणि पट्ट्याशेजारी टेपताई आणि फटाफट उभे होते, झाड खाली येईपर्यंत. वर्गात कुणी गेलं नाही.

नंतर मला काचेच्या कपाटात ठेवायची टूम निघाली. सोनेरी पाटी, छोटं कुलूप! म्हणजे टेबलाच्या पायाखालून काढलं आणि काचेत कोंडलं. मी ते होऊ दिलं नाही. म्हणजे टेपताईने होऊ दिलं नाही, पण मनातलं माझंच. आता मी रोपवाटिकेच्या पडवीत खिळ्याला सुतळीने टांगलेली असते. धूळ बसते, पाली फिरतात. पण हात पोचतो.

काका निवृत्त झाले त्या दिवशी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं, पुसलं आणि नव्या माळ्याच्या हातात दिलं. म्हणाले, "हिला जपू नकोस. वापर."

मित्रांनो, माझंही तेच मागणं आहे. माझा कुठलाही नियम तुम्हाला चुकीचा वाटला तर खुशाल बदला. पहिलासुद्धा बदला, मी रुसणार नाही. फक्त त्यासाठी इथे या. सालीवर हात टेका, काय लागतं ते नीट समजून घ्या, आणि मग तोच हात वर करा. तोवर चौदाही नियम लागू आहेत. कुणाला काही म्हणायचं असेल तर मी खिळ्यावरच आहे.