कानाच्या पाळीचा रंग

गुरुवारी सकाळी मे पेन शहरातल्या एका घरात तळलेल्या डम्पलिंगांचा वास भरला होता. रविवारी चर्चमध्ये केरेन्साचं नामकरण. दारातल्या उजेडात बसून व्हेरोना लेकीच्या टोपीला लेस लावत होती, पण दोरा नेढ्यात जाईना. बोटं थरथरत होती.

तिच्या लांब बाह्यांच्या आत, खांद्यापासून मनगटापर्यंत, जेवण झाकायचं पातळ प्लास्टिक गुंडाळलेलं होतं आणि त्याखाली बाजारातलं बिनलेबलचं मलम. लग्नापासून दोन वर्षं सासू, मिस आयव्ही, स्वतः तिला ते गुंडाळून देई. रंग उजळला की माणसं नीट बोलतात, अशी तिची खात्री होती. स्वतःच्या हातांनाही ती तेच लावत असे.

मिस आयव्हीने पाळण्यातली तीन महिन्यांची नात उचलून तिचा कान उजेडात धरला. बाळ पुढे किती काळं होणार, हे तिथे कानाच्या पाळीवरूनच ठरवतात.

"बघ गं, केवढी काळी पाळी! बापावर जाणार ही."

"जाऊ दे ना. तुमचाच मुलगा आहे तो."

"तोंड फार चालतं हल्ली. हात चालव."

नातीला घेऊन ती आत गेली.

आदल्या दिवशी बाळाला लस देताना नर्सने व्हेरोनाची थरथर पाहिली होती आणि बाही वर करायला लावली होती.

"कातडी भिंतीसारखी असते," नर्स म्हणाली. "पण प्लास्टिकखाली घाम कोंडला की ती भिजते, फुगते, सैल पडते. मग मलमात असेल ते कितीतरी पटींनी रक्तात उतरतं. मला पाऱ्याचा संशय आहे; त्यानेच हात थरथरतात. डबी तपासायला आण."

"थोडंसंच लावते हो."

"थोडं तुझ्यासाठी. बाळाला वजनाच्या मानाने कातडी आपल्या दुपटीहून जास्त असते. ते मलम तिला लागू देऊ नकोस."

व्हेरोनाने घरी अवाक्षर काढलं नव्हतं.

आतून चर्र असा आवाज आला. रोलवरून प्लास्टिक फाडल्याचा.

सुई टाकून ती धावली. बाळ पलंगावर होतं. मिस आयव्हीच्या बोटावर मलम होतं.

"थांबा!"

"अगं, कानालाच लावते. रविवारी सगळे बघणार."

व्हेरोनाने तिचं मनगट धरलं.

"माझ्या घरात मला अडवतेस? मी काय वैरीण आहे तिची?"

"नाही. म्हणूनच अडवते." बाही वर सारून तिने स्वतःच्या हातावरचं प्लास्टिक ओरबाडून काढलं. "माझ्याच्याने दोरा ओवत नाही. तुमचा हात धरा शेजारी."

दोन्ही हात सारखेच थरथरत होते.

"वय झालं माझं."

"आणि माझं?"

मिस आयव्हीने बोटावरचं मलम जुन्या फडक्याला पुसून टाकलं. मग म्हणाली, "शाळेत मला मागच्या बाकावर बसवायचे. हिला कुणी बसवू नये, एवढंच..."

"बसवलं तर मी शाळेत जाईन. भांडेन. पण हिला हे लावायचं नाही."

डबी नर्सकडे गेली. मलमात पारा निघाला, पण तो निकाल पुढच्या आठवड्यातला.

रविवारी व्हेरोना बिनबाह्यांच्या झग्यात, डागाळलेले हात उघडे ठेवून चर्चमध्ये आली. पहिल्याच बाकावरची बाई वाकली आणि टोपी सारून बाळाचा कान पाहू लागली.

"बघ, नीट बघ," मिस आयव्ही म्हणाली. "पण बोलताना जपून. त्याच कानांनी तिला ऐकू येतं."