शरयूताईंचं लंडन

मी लंडन पाहिलेलं नाही, हे अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या ट्रॉय गावात फक्त माझ्या नवऱ्याला माहीत होतं. बाकी सगळ्यांना लंडन दाखवायची मीच.

त्याचं असं झालं. एक्क्याऐंशी साली आम्ही ट्रॉयला नवीन आलो आणि महिन्याभरात अण्णा, म्हणजे माझे वडील, अत्यवस्थ असल्याचा फोन आला. मी एकटीच निघाले. लंडनच्या विमानतळावर चार तास बसून काढले. पुण्याला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. परत आल्यावर पहिल्याच हळदीकुंकवाला, तिथेच ओळख झालेल्या प्रतिमाने विचारलं, "जाताना लंडन केलंत ना?" नाही म्हणाले असते तर "का?" आलंच असतं, आणि अनोळखी बायकांपुढे रडणं माझ्या स्वभावात नाही. "केलं की!" म्हणून मोकळी झाले.

मग काय, भारतात जाताना लंडनला थांबणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे. मीही अर्धवट काम करणारी नव्हे. लायब्ररीतली पुस्तकं आणि नकाशे पालथे घातले. अकरा नंबरची बस, वरच्या मजल्यावरची पुढची सीट. टॉवर, म्हणजे तिथला जुना किल्ला, सकाळी उघडताच गाठायचा. सेंट पॉल चर्चच्या घुमटात भिंतीशी कुजबुजायचं, पलीकडे ऐकू येतं. माझ्या सांगण्यावरून गेलेला एकही माणूस चुकला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

पंच्याऐंशीच्या सप्टेंबरात प्रतिमाकडे तिच्या ट्रिपच्या स्लाइड्स बघायला जमलो. बटाटेवडे झाले, पडदा लागला. "शरयूताई, कॉमेंटरी तुम्हीच करा," प्रतिमाचा नवरा चारुदत्त म्हणाला. "आम्ही तर नुसते तुम्ही सांगितलं तसं फिरलो यार."

उभी राहिले. चारुदत्तने सेंट पॉलचा घुमट अर्ध्यात कापला होता, पण साडीखाली स्नीकर्स घातलेली प्रतिमा पूर्ण आली होती. मी कापलेला भाग तोंडाने भरून काढला. टॉवरमध्ये कोणत्या राणीचं डोकं कुठे उडवलं, तेही सांगितलं. लोक खूश.

पुढची स्लाइड आली. टॉवर ब्रिजचा कठडा धरून प्रतिमाचे वडील उभे होते. नागपूरहून त्यांना इकडे आणताना तिने लंडन दाखवलं होतं. भर जुलैत कानटोपी, आणि चेहरा असा खुललेला की बस. आत्ता ते समोरच्याच खुर्चीत बसले होते.

मला प्रतिमाचा हेवा वाटला. इतका, की ब्रिजचं साल आठवेना.

"काकू," प्रतिमाची मुलगी रुपाली म्हणाली, "हाउ कम वी नेव्हर सी युअर स्लाइड्स?"

उत्तर चार वर्षं तयार ठेवलं होतं: कॅमेरा हरवला. प्रोजेक्टरशी बसलेल्या दिगंबरने, माझ्या नवऱ्याने, मान खाली घातली.

"स्लाइड्स नाहीत," मी म्हणाले. "मी लंडन पाहिलेलंच नाही. वडील आजारी होते म्हणून धावत निघाले, तिथे विमान बदललं, एवढंच. तरी मला उशीर झाला."

हसायचं तर हसा, मी मनात म्हटलं, रस्ते तर बरोबर सांगितले!

प्रतिमाच्या वडिलांनी शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"लंडन राहू दे," ते म्हणाले. "इथे बस, पोरी. तुझे वडील कसे होते?"

"उंच होते," मी ठणकावून सांगितलं, आणि त्या खुर्चीत बसून पदर डोळ्यांना लावला.