पाटीची मागची बाजू

“चाळीस वर्षांचं दुकान तुम्ही एका दुपारीत नवं करून टाकलंत!”

असं म्हणून पेंटरने नोटीस टेबलावर आपटली. टेबलाला काच आणि नोटीस एकपानी, त्यामुळे आवाज व्हायला हवा तसा झाला नाही. म्हणून त्याने वरून तळहात आपटला. पेनांचा डबा आडवा झाला आणि दोन पेनं घरंगळत अधिकारी बाईंच्या मांडीवर गेली.

“बसा,” बाई म्हणाल्या.

“बसायला नाही आलो.”

बाईंनी पेनं उचलून डब्यात टाकली. ओरडणारी माणसं त्यांच्याकडे रोजच येत. ती दमेपर्यंत थांबायचं असतं, हे त्या नोकरीच्या पहिल्या वर्षातच शिकल्या होत्या. पेंटरचं वय साठीला टेकलेलं. तो लवकर दमला, आणि बसला.

भांडण साधं होतं. कार्यालयाच्या डोक्यात आलं होतं की बाजाररस्ता ‘मूळ रूपात’ जपायचा. इतकी वर्षं त्या रस्त्यावर साधा दिवा बसवायला ज्यांना सवड झाली नव्हती, त्यांना अचानक त्याच्या मूळ रूपाचा पुळका आला. दुकानांची पाहणी करून त्यांचे दोन ढीग करायचे ठरले. जुनी राहणार, नवी महिनाअखेर उठणार. आणि पेंटरच्या थोरल्या बहिणीचं बटणांचं दुकान नव्यांच्या ढिगात पडलं होतं.

बटणं, हुक, चेन, लेस, दोऱ्याची रिळं. भिंतीभर पुठ्ठ्याचे डबे आणि प्रत्येक डब्याच्या तोंडावर आतल्यातलं एक बटण दोऱ्याने टाचलेलं. कोटाचं एक बटण तुटलं की माणसं कोट घेऊन ताईकडे येत. ती उरलेल्या बटणांवरून अंगठा फिरवी, स्टूल ओढी आणि न बोलता चौथ्या रांगेतला डबा काढी. नवरा गेल्यावर तिने हे दुकान टाकलं, तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं. आता त्या मुलाच्या डोक्यावर टक्कल होतं.

बाईंनी फाइल उघडली. “शेरा वाचते, काका. ‘पाटी नवी. शटर नवे. रंग ताजा.’ यातलं काय खोटं आहे?”

“पाटी नवी आहे. दुकान जुनं आहे.”

“मग पाटी नवी कशाला केलीत?”

“तुम्ही येणार म्हणून!” पेंटर पुन्हा उसळला. “पाहुणा येणार म्हटल्यावर माणूस घर झाडतो, का कचरा आणून टाकतो? तीन रात्री जागून रंगवली मी ती पाटी. शटरही मीच रंगवलं. ताई म्हणत होती, कशाला. मी म्हटलं, सरकारी माणसं यायचीत, नीट दिसायला नको?”

शेजारच्या टेबलावरचे एक चष्मेवाले कारकून हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच पेच पडल्यासारखा दिसला.

“भाड्याचे जुने कागद?”

“जागा तीनदा विकली गेली. पहिल्या मालकाच्या हाडांचीही आता माती झाली असेल. कागद कुठून आणू?”

“तसेही आम्ही कागद बघत नाही. कागद कुणीही करून आणतं. आम्ही दर्शनी भाग बघतो.” बाईंनी फाइलवर बोट टेकवलं. “पाटी खोटं बोलत नाही, काका.”

हे ऐकून पेंटरला हसू आवरेना. खोकला येईस्तोवर तो हसला.

“मॅडम, मी जन्मभर पाट्यांना खोटं बोलायला शिकवलंय. शिळ्यावर ‘ताजे’ लिहिलंय. जिथं जन्मात कुणी पाणी गाळलं नाही तिथं ‘शुद्ध’ लिहिलंय. आणि ती लाँड्री तुम्ही जुनी धरलीत ना? कॉफीचं दुकान आहे ते! पाटी दोन महिन्यांपूर्वी रंगवली. कुणी? ह्या हातांनी!”

मग त्याने सगळं सांगितलं. लाँड्रीवाला केव्हाच गाशा गुंडाळून मुलीकडे राहायला गेला. त्या गाळ्यात एक दाढीवाला तरुण कॉफीचं दुकान घालायला आला. पोरगा गोड बोलणारा. म्हणाला, काका, नाव लाँड्रीचंच ठेवायचं, पण पाटी जुनी दिसली पाहिजे, अगदी मेलेली. पेंटरला आयुष्यात कुणी असलं काम सांगितलं नव्हतं. त्याने अक्षरं काढली, वाळवली आणि पॉलिश पेपरने मारली. कोपऱ्यांवर चहाचं पाणी जिरवलं. खिळ्यांना व्हिनेगर आणि मीठ लावून ठेवलं. चार दिवसांत त्यांना असा गंज चढला की त्याचे ओघळ खाली अक्षरांवर उतरले. काम झाल्यावर दाढीवाल्याने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. ते सांगताना पेंटरचा आवाज जरा मऊ झाला. आपण तक्रार करतोय की फुशारकी मारतोय, हे त्याचं त्यालाच कळेनासं झालं.

“झालं?” बाई म्हणाल्या. “आम्हालाही शंका आली होती. इतके काही बावळट नाही आम्ही. म्हणून पाटी खाली उतरवली आणि मागून बघितली.”

त्यांनी कॉम्प्युटरचा पडदा त्याच्याकडे वळवला.

काळपट फळी. चार खिळ्यांची जुनी भोकं. एका कडेला करवतीचा ताजा काप, आणि कापाला लागूनच उडत चाललेल्या निळ्या रंगात दोन अक्षरं. ‘टने’.

“आमच्या तज्ज्ञाने रंग तपासलाय. निदान पस्तीस-चाळीस वर्षांचा. म्हणजे पुढून तुम्ही काहीही केलं असेल, फळी जुनी आहे. शेरा, जुने.” बाईंनी पडद्याकडे मान वाकडी करून पाहिलं. “फक्त हे ‘टने’ काय आहे, ते आम्हाला कुणालाच लागलं नाही.”

“कोळशाची वखार असेल पूर्वी,” कारकून म्हणाले. “इतके टन, तितके टन.”

“टनाचं टने होतं का कधी?” बाई म्हणाल्या.

“मग टणे असेल. कुटणे, वाटणे, लाटणे. न आणि ण कळत नसेल बापड्याला. असतात हो असे अडाणी. हातात ब्रश आला की सुटले रंगवत!”

या वेळी बाईही हसल्या.

पेंटरच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. त्याने पडद्यावरचा तो ‘न’ पाहिला. त्याची गाठ जाड होती, दांडी किंचित कललेली. अठरा वर्षांचा असताना त्याने ती काढली होती. तेव्हा शाळा चौथीतच सुटलेली आणि अक्षरं वर्तमानपत्रावरून गिरवलेली. घरात सगळे जसं बोलत तसंच त्याने लिहिलं होतं. मोठ्या झोकात, निळ्या ऑइलपेंटमध्ये, ‘बटने’. त्याची पहिली पाटी. आठवड्याभरात एक मास्तर खालून जाताना थांबले आणि पोट धरून हसले. तो डबा-ब्रश घेऊन धावला, तर ताईने शिडीच धरून ठेवली. म्हणाली, राहू दे रे, मला वाचता येतंय ना? रस्त्याने तिचं नावच ‘बटनेवाली’ पाडलं, आणि तिने ते दागिन्यासारखं मिरवलं. पेंटरने पुढे हजारो ‘ण’ काढले, पोटभर गोल, दांडी सरळ. पण ताईच्या दुकानाखालून जाताना त्याने चाळीस वर्षांत कधी मान वर केली नाही.

पाहणीचं निमित्त झालं आणि त्याला ती पाटी उतरवता आली. ताईला म्हणाला, माझ्या जिन्याखाली जपून ठेवतो. आणि दाढीवाल्याने जेव्हा विचारलं, काका, जुनं लाकूड मिळेल का कुठे, तेव्हा त्याने फार विचार केला नाही. फळी उलटी केली, गाळ्याच्या मापाने कापली. ‘ब’ करवतीखाली गेला.

आता फक्त तोच एक ‘ब’ तोंडाने म्हणायचा होता. तेवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. ताईची फळी, ताईचं दुकान, चाळीस वर्षं, सरकारी तज्ज्ञाच्या शिक्क्यानिशी. कारकून अजून चष्मा पुसत हसत होते. “लुटणे! चाटणे!” त्यांचा खेळ चालूच होता.

पेंटरने तोंड उघडलं. खुर्चीच्या हातावर वाळलेल्या रंगाचा एक ठिपका होता, तो नखाने खरवडला.

“काय म्हणत होतात, काका?”

“काही नाही.”

“तुमच्याकडे जुनं काही असलं तर आणा. पाटी, फोटो, काहीही. उद्या बाराला यादी बंद होईल.”

“बघतो,” म्हणून तो उठला. आपटलेली नोटीस त्याने व्यवस्थित घडी करून खिशात ठेवली.

बाहेर रस्त्यावर त्याला नेहमीसारखं चालता येईना. जिथं सायकली दुरुस्त व्हायच्या तिथं भिंतीवर एक सायकल टांगली होती आणि खाली केक होते. पिठाच्या गिरणीत दिव्यांच्या शेड विकत होते. जात्याच्या दगडावर काच टाकून त्यांनी टेबल केलं होतं. सगळ्या पाट्या जुन्या आणि सगळे चेहरे नवे. लाँड्रीच्या दारात एक बाई चादरींचं गाठोडं घेऊन उभी होती.

“अहो, इथं इस्त्रीला घेतात ना?”

पेंटरने पाटीकडे पाहिलं. पाटी म्हणत होती, हो. त्याने मान हलवली, पण कशी हलवली ते त्या बाईला कळलं नाही आणि त्यालाही.

“काका!” आतून दाढीवाला आला. “बघितलंत? आपली पाटी पास झाली! आता पितळेची खूण बसवणार तिच्यावर. आणि सक्त ताकीद दिलीय, तिला हात लावायचा नाही, हलवायची नाही. चार बोल्ट मारून भिंतीत पक्की केली. तुमच्या हाताला सलाम आहे, काका. कॉफी घेणार?”

“ती फळी…” पेंटर म्हणाला.

“हो ना, काय फळी दिलीत! सगळी कमाल तिचीच.”

पेंटरने कॉफी घेतली नाही.

ताई स्टुलावर बसून एका म्हातारबाबांच्या स्वेटरला बटण जुळवत होती. मान न उचलताच तिने विचारलं, “काय पेंटर, दिला का हिसका?”

“दिला.”

“मग तोंड का असं? त्यांनी दिला वाटतं परत.”

म्हातारबाबा हसले, स्वेटर घेऊन गेले. पेंटर उंबऱ्यापाशीच उभा राहिला. “जुनं काहीतरी मागतायत. पुरावा म्हणून. उद्या बाराच्या आत.”

“जुनं म्हणजे?”

“फोटोबिटो.”

“दुकानाचा फोटो कोण काढतंय मेलं?” ताईने हातातलं बटण डब्यात टाकलं आणि एकदम तिचा चेहरा उजळला. “अरे येड्या, पाटी आहे की आपली! ती बटनेची! इतका वेळ मी इथं काळजी करत बसले, आणि पुरावा तुझ्या जिन्याखाली पडलाय!” ती उठून चपला शोधू लागली. “चल. मी स्वतः डोक्यावर घेऊन जाते. त्या बाईच्या टेबलावर ठेवते आणि म्हणते, वाच. असला ‘न’ अख्ख्या गावात दुसऱ्या कुणाच्या दुकानावर होता का, विचार म्हणते कुणालाही.”

“ताई, थांब जरा.”

“आता काय थांब? दुकान जाईल माझं.” तिने शटरला लावायचं कुलूप हातात घेतलं. “एवढ्यासाठीच म्हणत होते, उतरवू नको. पण तुला लाज वाटायची. मला काय कळत नव्हतं? चाळीस वर्षं खाली मान घालून जायचास. म्हटलं जाऊ दे, हौस आहे त्याची, करू दे नवी. चल, हो पुढे.”

पेंटर हलला नाही. समोरच्या डब्यावर टाचलेलं बटण त्याने बोटाने फिरवलं. ते दोऱ्यावर अर्धं वळलं आणि परत जागेवर आलं. त्याने पुन्हा फिरवलं.

ताईने कुलूप खाली ठेवलं.

“भिजली का?”

त्याने बटणाचा दोरा ओढून सरळ केला.

“वाळवी लागली? लागू दे. अर्धी राहिली असेल तरी चालेल, मी अर्धी नेईन.”

“ताई…”

“ताई-ताई करू नको. इकडे बघ माझ्याकडे.” ती त्याच्या समोर येऊन उभी राहिली. ती त्याच्या खांद्याएवढी होती, तरी मान त्यालाच खाली घालावी लागली. “माझी पाटी कुठाय?”